कीबोर्ड रुसला, माऊस अडला...



परदेशातल्या मराठी घरांत काही वस्तू कोणी विकत घेत नाही, त्या फिरत फिरत येतात. पुरणयंत्र, गणपतीच्या आराशीचे सामान, मुलांची पहिली सायकल... आमच्या घरातला टेबलावरचा संगणक असाच आला. ब्योब्लिंगेनचे एक कुटुंब पुण्याला परतले तेव्हा तो त्यांच्या मित्रांकडे गेला आणि त्या मित्रांनी घर बदलले तेव्हा आमच्याकडे, झिंडेलफिंगेनला. आत विंडोज ७, मागे यूएसबीच्या जोडीला ती जुनी गोल सॉकेट्स आणि सोबत एक जाडजूड जर्मन कीबोर्ड. आम्ही दोघेही आयटीतले. आमचे लॅपटॉप कंपनीचे, त्यांना घरच्यांनी हात लावायचा नाही हा नियम. त्यामुळे हा म्हातारा संगणक इंटरनेटशिवाय कोपऱ्यात जुने फोटो सांभाळत बसलेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आल्या (आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याच्या सासूबाई). गावच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी त्यांना लेख द्यायचा होता आणि तारीख जवळ आली होती. आईंची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. टंकलेखनाची परीक्षा त्यांनी यंत्रावर दिलेली आणि पुढे कचेरीत युनिकोड आल्यावर इनस्क्रिप्टही शिकलेल्या. कीबोर्डकडे न बघता, दहा बोटांनी, पावसाच्या सरीसारखा आवाज करत त्या टाइप करतात. आम्ही त्यांना जुन्या संगणकावर मराठी चालू करून दिले आणि कामाला गेलो.

चार दिवसांनी सहज लेख वाचायला घेतला, तर पहिल्याच परिच्छेदात 'मुक्याद्यापक' भेटले. पुढे 'कडू आणि पला'. हे काय असेल म्हणून जरा विचार केला, तेव्हा कळले की ते 'खडू आणि फळा' होते. आणि शीर्षकात 'आमची साला'!

आम्ही हसलो. आई हसल्या नाहीत. "अरे, पहिल्या दिवसापासून होतंय. माझ्याच बोटांत आता जोर राहिला नाही," असे म्हणून त्या उठून गेल्या. नीट पाहिले तर पुढच्या पानांवर चुका कमी होत गेल्या होत्या, पण त्याचे कारण वेगळेच होते. ज्या अक्षरांनी दगा दिला ती अक्षरे असलेले शब्दच त्या टाळू लागल्या होत्या. 'शाळा' जाऊन 'विद्यालय' आले होते. 'बाळ' जाऊन 'मूल'. पाच दशके टंकलेखन केलेली बाई अक्षरे चुकवत चुकवत लिहीत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

हा लेख त्या आठवड्यात आम्ही काय काय चुकीचे केले आणि शेवटी काय बरोबर केले त्याचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा जुना संगणक असेल. त्याचा कीबोर्ड किंवा माऊस बिघडला तर फेकण्याआधी काय पाहावे, ते सोबत सांगतो.

दोन संध्याकाळी कशा वाया गेल्या

आम्ही सॉफ्टवेअरची माणसे, म्हणून आम्हाला दोष सॉफ्टवेअरमध्येच दिसला. मराठी भाषा काढली, पुन्हा घातली, संगणक बंद-चालू केला, फॉन्ट बदलला. काही फरक नाही. मग आमच्यापैकी एकाने स्वतः बसून 'शाळा' टाइप केले. आले की नीट! आणि आयटीतल्या माणसाच्या तोंडी जे वाक्य सगळ्यात आधी येते तेच आले : "आमच्याकडे तर बरोबर चालतंय." आई काही बोलल्या नाहीत. त्यांचा आपल्या बोटांबद्दलचा संशय मात्र या वाक्याने पक्का झाला. हे वाक्य कोणाच्या घरी उच्चारू नये, एवढे आम्ही शिकलो.

दुसऱ्या संध्याकाळी जर्मन कीबोर्डवर संशय गेला. भारतातल्या नेहमीच्या कीबोर्डवर डावी शिफ्ट लांबलचक असते. जर्मन कीबोर्डवर ती आखूड असते आणि तिच्या उजव्या बाजूला लहान-मोठेपणाच्या चिन्हांची एक जादा कळ घुसवलेली असते. सवयीने करंगळी त्या जादा कळीवर पडणे अगदी शक्य. पण आईंच्या बोटांकडे बघत बसलो तर करंगळी नेमकी शिफ्टवरच पडत होती.

उत्तर शेवटी अक्षरांनीच दिले. चुकलेल्या अक्षरांची यादी काढली : ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ, श, ळ. न चुकलेली : अ, आ, इ, ई, उ, ण. ही सगळीच अक्षरे शिफ्ट दाबून येतात, मग निम्मी बरोबर आणि निम्मी चूक का?

इनस्क्रिप्टची मांडणी (भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ती आहे) मोठी शहाणपणाची आहे. स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. एकाच कळीवर साधे दाबले की क, शिफ्टबरोबर ख. ग-घ, त-थ, द-ध, प-फ तसेच. ल च्या डोक्यावर ळ, स च्या डोक्यावर श. आणि टंकलेखनाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात की शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताने दाबायची. उजव्या हाताचे अक्षर असेल तर डावी शिफ्ट, डाव्या हाताचे असेल तर उजवी. आई हा नियम कधीच मोडत नाहीत. म्हणजे उजव्या हाताची सगळी 'वरची' अक्षरे डाव्या शिफ्टवर अवलंबून. ती एक कळ मेली, की शाळेची साला झाली. डावीकडचे आ, ई आणि ण मात्र उजव्या शिफ्टने येतात, म्हणून ते शाबूत राहिले. आणि आम्ही? आम्ही दोन-चार बोटांनी टाइप करणारे, कोणतीही शिफ्ट चालणारे. त्या दिवशी हात उजव्या शिफ्टवर पडला असणार.

आईंची बोटे ठणठणीत होती. उलट त्या नियमाने टाइप करत होत्या म्हणूनच दोष इतका स्वच्छ दिसला.

खात्री कशी केली? विंडोजमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड असतो (ऑन-स्क्रीन कीबोर्ड, सुलभतेच्या सोयींमध्ये सापडतो). तो उघडून ठेवला आणि खऱ्या कीबोर्डची उजवी शिफ्ट दाबली. पडद्यावरची अक्षरे बदलली. डावी दाबली, ढिम्म. दोन मिनिटांचे काम! तेच आम्ही दोन दिवस केले नव्हते.

आधी काय पाहावे

तेव्हापासून आम्ही एक क्रम ठरवला आहे. कीबोर्ड मेला असे वाटले की प्रथम नम लॉक दाबून पाहायचे. दिवा लागत-विझत असेल तर संगणक आणि कीबोर्ड एकमेकांशी बोलत आहेत, दोष एखाद्या कळीत किंवा मांडणीत शोधा. दिवा हलत नसेल तर एकतर संगणकच गोठला आहे किंवा वायर-सॉकेटचा प्रश्न आहे. (काही नव्या कीबोर्डांना दिवेच नसतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.)

यूएसबीचा असेल तर काढून मागच्या बाजूच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. मध्ये यूएसबीचा हब असेल तर तो आधी दूर करा. जुनी गोल सॉकेट्स असतील, जांभळे कीबोर्डचे आणि हिरवे माऊसचे, तर संगणक पूर्ण बंद करूनच काढा-घाला. ती चालू संगणकात काढण्या-घालण्यासाठी बनलेलीच नाहीत. बहुतेक वेळा पुन्हा सुरू करेपर्यंत कीबोर्ड ओळखला जात नाही आणि क्वचित सॉकेटच जळते. घालताना आतल्या सहा पिना वाकल्या नाहीत ना तेही बघा. या सॉकेटला पीएस/२ म्हणतात, आयबीएमच्या १९८७ सालच्या त्या नावाच्या संगणकांवरून. त्याचा गोल आकार मात्र जर्मन मानकांच्या 'डिन' कुटुंबातला, म्हणजे एका अर्थी इथलाच!

अगदी जुन्या संगणकांत आणखी एक गंमत असते. विंडोज सुरू झाल्यावर यूएसबी कीबोर्ड छान चालतो, पण सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर चालत नाही. बायोसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' अशा नावाची सोय बंद असते, ती चालू करावी लागते. आणि ती चालू करायला कीबोर्ड हवा... अशा वेळी कोणाकडून तरी गोल पिनेचा जुना कीबोर्ड तासाभरासाठी आणावा. "कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा" हा संदेश ज्यांनी लिहिला त्यांना आम्ही मनापासून नमस्कार करतो.

यानंतरची परीक्षा साधी अदलाबदलीची. तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावा, दुसरा कीबोर्ड या संगणकाला. दोष कीबोर्डबरोबर गेला की संगणकापाशी राहिला, ते पाच मिनिटांत कळते. शेजारच्या मराठी घरी चहाला जायला निमित्तही मिळते.

बिघाड नसलेले बिघाड

आमच्या अनुभवात निम्म्या तक्रारींत काहीच बिघडलेले नसते. जर्मनीतल्या घरांत तर हमखास. इथल्या कीबोर्डवर झेड आणि वाय यांच्या जागा बदललेल्या आहेत, कारण जर्मन भाषेत झेड सारखा लागतो आणि वाय क्वचित. संगणकाने मांडणी इंग्रजी धरली आणि कीबोर्ड जर्मन असला (किंवा उलट), की वाय दाबून झेड येतो. पडद्यावर मजकूर दिसत असेल तर लगेच कळते. पासवर्डमध्ये मात्र फक्त टिंबे दिसतात आणि माणूस शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर आहे. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात 'डीई' किंवा 'ईएन' असे काहीतरी लिहिलेले असते, ते आधी बघा. नाहीतर पासवर्ड ऐवजी नावाच्या चौकटीत टाइप करून पाहा, काय उमटते ते दिसेल. (नंतर पुसायला विसरू नका.)

मांडणी आपोआप कशी बदलते? डावी अल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली की. घाईत टाइप करताना, मुले खेळताना हे सतत होते. विंडोज ८ पासून विंडोज-कळ आणि स्पेसबार यांनीही बदलते. घरात मराठी, इंग्रजी, जर्मन अशा तिन्ही मांडण्या असतील तर आपण नक्की कुठे आहोत ते खालच्या पट्टीत बघायची सवय लावावी. न लागणाऱ्या मांडण्या काढून टाकाव्यात.

भारतातून आलेल्या आई-बाबांना जर्मन कळांची नावे एकदा दाखवून ठेवा. 'श्ट्रग' म्हणजे कंट्रोल, 'एंटफ' म्हणजे डिलीट, 'पोस १' म्हणजे होम, 'ड्रुक' म्हणजे प्रिंट स्क्रीन. ईमेलच्या पत्त्यातले ते शेपटीवाले चिन्ह क्यू वर असते आणि उजव्या अल्ट-जीआर बरोबर येते. डाव्या अल्टने येत नाही. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी ते शोधण्यात अर्धा तास घालवला आणि शेवटी दुसऱ्या पत्रातून नक्कल करून चिकटवले. पद्धत चुकीची नाही!

आणखी एक नाटक : कीबोर्ड चालतो, पण प्रत्येक कळ खूप वेळ दाबून धरली तरच अक्षर येते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज 'फिल्टर कीज' चालू करू का असे विचारते आणि आपण न वाचता हो म्हणतो. शिफ्ट पाच वेळा दाबली की तसेच 'स्टिकी कीज'. या सोयी ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी आहेत, आणि फार चांगल्या आहेत. पण नकळत चालू झाल्या तर कीबोर्ड बिघडल्यासारखाच वाटतो. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन बंद करता येतात.

चहा सांडल्यावर

आता आमच्या डाव्या शिफ्टकडे येऊ. साध्या कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर विजेसाठी शाईने छापलेल्या रेघा असतात आणि मधल्या पडद्याला कळीच्या जागी भोके. वर रबराची छोटी टोपी. कळ दाबली की टोपी बसते, वरचा पडदा भोकातून खालच्याला टेकतो आणि संगणकाला कळते. प्रत्येक कळीला वेगळी वायर नसते. रेघा आडव्या-उभ्या जाळीसारख्या असतात आणि कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली त्यावरून कळ ओळखली जाते. म्हणून एकच कळ बंद असेल तर त्या जागी घाण किंवा फाटलेली टोपी असण्याची शक्यता जास्त. पाच-सहा कळा एकदम बंद झाल्या तर एखादी अख्खी रेघ तुटली असे समजावे. शिफ्टसारख्या कळा पुष्कळदा जाळीत वेगळ्या रेघेवर ठेवतात, त्यामुळे त्या एकट्या मरू शकतात.

आम्ही कीबोर्ड काढला, उलटा करून हलवला. जे पडले त्याचे वर्णन करत नाही. फक्त चिवडा ओळखता आला. मग आधी मोबाइलवर फोटो काढून (हे विसरू नका, नाहीतर झेड-वाय पुन्हा कुठे बसवायचे यावर घरात वाद होतात) स्क्रू काढले. एक स्क्रू नेहमी मागच्या चिकटपट्टीखाली दडलेला असतो. आत डाव्या शिफ्टखाली तपकिरी डाग. चहा. कुणाचा, कुठल्या साली, कुठल्या घरात, देव जाणे. तीन कुटुंबे झाली त्या कीबोर्डला.

नुसते पाणी सांडले तर कीबोर्ड बऱ्याचदा वाचतो. आपला दूध-साखरेचा चहा मात्र वाईट. साखर चिकटते, ओल धरून ठेवते आणि शाईची रेघ हळूहळू खाते. सांडल्याबरोबर वायर काढा, कीबोर्ड पालथा घाला, कापडावर निथळू द्या आणि दोन दिवस हात लावू नका. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको, पडदे वाकडे होतात. चिकटपणा राहिलाच तर आपोटेकेत मिळणाऱ्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये कापसाची काडी बुडवून पुसावे. कळांच्या टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतात. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली बारीक तार असते, त्या कळा ओढून काढू नका. लॅपटॉपवर सांडले तर यातले काही करू नका. तो बंद करा आणि दुकानात न्या.

आमची रेघ मात्र खाल्ली गेली होती. पुसून काही झाले नाही. रात्रीचे दहा वाजलेले, दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे दुकाने बंद. तेव्हा एक युक्ती आठवली. विंडोजला सांगता येते की अमुक कळ दाबली तर ती तमुक कळ समज. विंडोज २००० पासून रजिस्ट्रीमध्ये 'स्कॅनकोड मॅप' नावाची नोंद करता येते. हाताने लिहायची भीती वाटत असेल तर शार्पकीज हा छोटा मोफत प्रोग्रॅम तेच काम करतो. आम्ही कॅप्स लॉकला डावी शिफ्ट केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. कॅप्स लॉक डाव्या शिफ्टच्या अगदी डोक्यावर असतो आणि इनस्क्रिप्टमध्ये त्याची गरजच नसते. करंगळी फक्त एक घर वर न्यायची. नव्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधूनही हे होते, पण ते लॉगिनच्या पडद्यावर लागू होत नाही. स्कॅनकोड मॅप तिथेही चालतो.

आईंनी एक ओळ टाइप केली. मग दुसरी. "वर आहे होय आता," एवढेच म्हणाल्या आणि आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितले.

माऊसची दुखणी

इतके झाल्यावर आई म्हणाल्या की शब्दही गायब होतात. हे नवीनच! शेजारी बसून पाहिले. त्या माऊसने एकदा क्लिक करून दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर ठेवत होत्या, पण संगणकाला दोनदा क्लिक केल्यासारखे वाटत होते. दोनदा क्लिक म्हणजे अख्खा शब्द निवडला जातो आणि पुढचे अक्षर दाबले की तो पुसला जातो. माऊसच्या बटणाखाली धातूच्या पातळ पट्टीचा एक छोटा स्विच असतो. लाखो वेळा दाबून ती पट्टी थकते आणि एका दाबात दोनदा टेकते. ओळखायची खूण सोपी : फोल्डरवर सावकाश एकदाच क्लिक करा. उघडले, तर स्विच गेला. सेटिंगमध्ये दुहेरी क्लिकचा वेग बदलून हे जात नाही, कारण त्या दोन ठोक्यांमधले अंतर फारच थोडे असते. नवा माऊस येईपर्यंत डावे-उजवे बटण अदलाबदल करून चालवता येते, कारण उजवे बटण सहसा कमी झिजलेले असते.

बाण उड्या मारतो किंवा हलतच नाही, तर खाली काय आहे ते बघा. प्रकाशावर चालणारा माऊस सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालच्या पृष्ठभागाचे बारीक चित्र टिपतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. काचेचे टेबल किंवा चकचकीत पृष्ठभाग असेल तर चित्रात फरक दिसतच नाही. साधा कागद ठेवा, चालू लागेल. खालच्या भिंगात एखादा केस अडकला असेल तर तो चिमट्याने काढा. चाक फिरवल्यावर पान उलटसुलट उडत असेल तर चाकाशी धूळ साठली आहे, फुंकर मारून पाहायला हरकत नाही.

कोणाकडे अजून गोळीचा माऊस असेल तर त्याची खालची चकती फिरवून गोळी काढा. आतल्या बारीक रुळांवर काळ्या पट्ट्या दिसतील, त्या खरवडल्या की माऊस पुन्हा तरुण. आणि मुलांना सांगा की गोळीचा माऊस आपल्याच बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये जन्मला. कोन्स्टान्झच्या टेलिफुंकेनमध्ये रायनर मालेब्राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानवाहतूक नियंत्रणाच्या पडद्यासाठी बोटांनी फिरवायचा गोळा बनवला होता. तोच उलटा करून हातात धरायचा केला. 'रोलकूगेल' या नावाने तो ऑक्टोबर १९६८ च्या माहितीपत्रकात आला. डग्लस एंगेलबार्ट यांनी आपला चाकांचा माऊस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दाखवला तो ९ डिसेंबर १९६८ रोजी, म्हणजे दोन महिन्यांनी! (एंगेलबार्ट यांचा नमुना त्याआधीच काही वर्षे तयार होता, म्हणून फार फुशारकी नको.)

बिनतारी माऊस-कीबोर्ड अडखळत असतील तर प्रथम बॅटरी. ती नवी घालूनही अडखळत असेल तर यूएसबीचा छोटा रिसीव्हर कुठे लावला आहे ते पाहा. निळ्या, वेगवान यूएसबी ३ सॉकेटच्या शेजारी, वर बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत गडबड होते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिले होते. रिसीव्हर दुसऱ्या, जुन्या प्रकारच्या सॉकेटमध्ये किंवा एका छोट्या जोडवायरने टेबलावर आणला की काम होते.

माऊस पूर्णच मेला आणि फाइल जतन करायची असेल तर घाबरून वीज बंद करू नका. कंट्रोल-एस ने जतन करा, विंडोज-कळ दाबून बाणांच्या कळांनी संगणक बंद करा. डावी अल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले तर आकड्यांच्या कळांनी बाण हलवता येतो. डावी शिफ्ट चालू असली तर!

नवे कधी घ्यावे

रेघ खाल्लेला साधा कीबोर्ड दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असे आमचे मत. चांदीच्या शाईने रेघ जोडता येते, हौस असेल तर करावी. रिपेअर कॅफे नावाची चळवळ २००९ मध्ये अॅमस्टरडॅमला सुरू झाली आणि जर्मनीत बऱ्याच गावांत पसरली आहे. तिथे हौशी लोक हे आनंदाने करून देतात.

टाकायचा असेल तर घरच्या कचऱ्यात टाकायला इथे कायद्याने बंदी आहे. वेर्टश्टोफहोफवर फुकट घेतात. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या विद्युत वस्तूंच्या दुकानांना २५ सेंटीमीटरपर्यंतची जुनी उपकरणे काही विकत न घेताही परत घ्यावी लागतात. माऊस त्यात बसतो. कीबोर्ड लांबीमुळे बसत नाही, तो नवा कीबोर्ड घेतानाच देता येतो. २०२२ पासून विद्युत वस्तू विकणाऱ्या मोठ्या किराणा दुकानांनाही हे लागू आहे.

संगणक जुना असेल तर एक सूचना. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणे १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कीबोर्ड-माऊस बदलून संगणक नवा होत नाही. लिहायला, फोटो बघायला तो छान आहे, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. आम्ही लेखाची फाइल यूएसबीच्या काडीवर घेतली आणि फोनवरून पाठवली.

सोमवारी नवा कीबोर्ड आणि माऊस आणला. आईंनी दोन मिनिटे नवा कीबोर्ड वापरला आणि तो ढकलून ठेवला. कळा फार सपाट, म्हणे. माऊस ठेवून घेतला. लेख त्यांनी जुन्या कीबोर्डवरच, कॅप्स लॉकची शिफ्ट करून पूर्ण केला आणि तारखेच्या दोन दिवस आधी दिला. शेवटच्या संध्याकाळी 'शोधा आणि बदला' कसे करायचे ते त्यांनी आमच्याकडून शिकून घेतले आणि सगळी 'विद्यालये' काढून 'शाळा' घातल्या. फक्त एक विद्यालय तसेच ठेवले, कारण फाटकावरच्या पाटीवर तेच लिहिले आहे.